रोडग्यांची पंगत आणि नाशिकची वाइन

वर्धा नदीच्या अलीकडे, आमच्या धामणगावी, परवान्याच्या दुकानातून रीतसर घेतलेली बाटली नदी ओलांडून पुलगावी नेली की वर्धा जिल्ह्याच्या दारूबंदीमुळे तीच गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते. सबब, सणासुदीची वाइन निवडण्यापूर्वी पंगत कोणत्या तीरावर आहे, याची चौकशी आधी करावी. पौषातील हुरड्यास, झणझणीत ठेच्यासह, नाशिककडील किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँच आम्ही निःसंशय पसंत करू. कारण तुरट, मद्यार्काने उष्ण अशी तांबडी वाइन तिखटाचा दाह वाढविते, तर गोडवा तो शमवितो. तुपात बुडालेले रोडगे व वांग्याची भाजी यांस (देवस्थानची पंगत अर्थातच वगळून) हलकी तांबडी शोभते. आमरसापुढे मात्र कोरडी वाइन निव्वळ आंबट लागते. तेथे बूच काढूच नये.