पुढच्याने मागच्याची वाट पाहावी

माननीय संपादक,


पावसाची झड लागली की आमच्या वडनेर-हिंगणघाट पट्ट्यातली तरुण मुले आठ-दहा मोटारसायकलींचा जथा करून चिखलदऱ्याकडे निघतात. डांबरी घाटावर त्यांचे समाधान होत नाही. रस्ता सोडून ओल्या पायवाटेने, ओढ्यातल्या गोट्यांवरून, शेवाळलेल्या कातळावरून गाडी चढवायची, याचीच त्यांना खरी ओढ असते. अशा सहलींवर सरसकट बंदी घाला, ही मागणी अलीकडे वारंवार कानावर येते. ती मला मान्य नाही. पण या सहली आज ज्या रीतीने निघतात, ती रीतही मान्य नाही. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः अशा एका जथ्यात होतो, म्हणून हे पत्र.

आम्ही नऊ जण, नऊ गाड्या. पायथ्याच्या एका वाडीवरून डोंगरावर जाणारी वाट धरली. गाविलगडच्या रांगेतला काळा बेसाल्ट पावसात शेवाळाने हिरवा होतो. त्यावर मातीचा पातळ थर असतो तोवर चाकाला थोडी तरी पकड मिळते. पुढचे सहा जण जोरात वर गेले आणि त्यांच्या चाकांनी तो थर उकरून टाकला. मागच्यांना उरला तो नुसता ओला दगड. सर्वांत शेवटी होता आमच्यातला सर्वांत नवखा मुलगा. आपण मागे पडतोय या लाजेने त्याने चढावर ॲक्सिलरेटर पिळला. मागचे चाक जागच्या जागी फिरले, गाडी आडवी झाली, पाय खाली सापडला आणि पोटरी तापलेल्या सायलेन्सरला टेकली.

वर पोचलेल्यांचे फोटो काढणे सुरू होते. मी मधे होतो. मागून गाडीचा आवाज येत नाही, हे ध्यानात यायला मलाही फार वेळ लागला. धावत खाली पोचलो, तोवर जळणाचे भारे घेऊन उतरणाऱ्या एका कोरकू जोडप्याने डोक्यावरचे ओझे टाकून, दोघांनी मिळून गाडी उचलून त्याचा पाय मोकळा केला होता. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून मोफत मिळते. पण तिथे मोबाइलला रेंज नव्हती. फोन लागेल अशा टेकाडापर्यंत एकाला चालत जावे लागले. मुलाचे घोट्याचे हाड मोडले होते.

या अपघाताचे खापर मी निसरड्या वाटेवर फोडणार नाही. वाट निसरडी आहे हे आम्हा नऊही जणांना ठाऊक होते. चूक आमच्या क्रमाची होती. जाणते पुढे पळाले आणि ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्या मागे कोणीच नव्हते.

आमच्या पांदणीवरचा शेतकरी ही चूक करत नाही. काळ्या मातीत गाडीचे चाक दहा पावलांत चिखलाने भरते, मडगार्ड आणि टायरच्या मधे तो ठासून बसतो आणि गाडी हलेनाशी होते. शेतकरी उतरतो, काडीने चिखल उकरतो, मागून येणारा गडी धक्का देतो. एकाची गाडी फसली की पांदणीवरचे सगळे थांबतात, कारण उद्या आपलीही फसणार आहे हे प्रत्येकाला माहीत असते. डकार रॅलीसारख्या जीवघेण्या शर्यतीतही, जिथे 2015 मध्ये सी. एस. संतोष हा पहिला भारतीय स्वार उतरला, जखमी स्पर्धकाजवळ थांबलेल्याचा गेलेला वेळ त्याला परत दिला जातो. जिथे एकेका सेकंदाचा हिशेब होतो तिथे थांबता येते, तर रविवारच्या सहलीत का येऊ नये?

म्हणून प्रत्येक गटाने चार नियम पाळावेत. वेग सर्वांत नवख्याचा. सर्वांत अनुभवी स्वार शेवटी. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचे. आणि निसरड्या चढावर एका वेळी एकच गाडी. वरच्याने हात उंचावल्याशिवाय खालच्याने गिअर टाकायचा नाही. आणि ज्याच्याकडे हेल्मेट व घोटा झाकणारे बूट नसतील, त्याने घरून निघूच नये.

दुसरा मुद्दा वाटेचा. ‘जीव आमचा, धोका आमचा, तुम्हाला काय?’ असे काही तरुण विचारतात. पण ती पायवाट तुमची नाही. त्याच वाटेने कोरकू बाया पाणी आणतात, मुले शाळेत जातात, म्हातारी माणसे बाजाराला उतरतात. ओल्या उतारावर चाकांनी पाडलेल्या चाकोरीतून पुढच्या सरीचे पाणी वाहते, माती घेऊन जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. मग चालणाऱ्याने पाय कुठे ठेवायचा? शिवाय चिखलदऱ्याचा हा परिसर म्हणजे मेळघाट. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. आपल्या वर्धा जिल्ह्यातले बोरही 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. राखीव वनात विनापरवानगी शिरणे 1927 च्या वन अधिनियमाने, तर अभयारण्यात परवान्याविना जाणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गुन्हा ठरतो. आमच्या जथ्यातल्या नऊ जणांपैकी एकानेही ती वाट कोणाच्या हद्दीत आहे याची चौकशी केली नव्हती. त्यात मीही होतो आणि त्याची मला खंत आहे.

तरीही बंदी नको. बंदीने हौस मरत नाही; ती लपून, अंधारात, आणखी आडवाटेने चालते आणि मग पडलेल्याचा पत्ताही लागत नाही. माझी मागणी साधी आहे. गाड्यांना कोणते रस्ते खुले आहेत आणि कोणते नाहीत, याचे ठळक मराठी फलक वन विभागाने पायथ्याच्या गावांत लावावेत. मुरूम काढून पडीक राहिलेल्या खदानींपैकी पाणी न साचणारी एखादी जागा जिल्हा प्रशासनाने सरावासाठी द्यावी. चिखलात ब्रेक कसा दाबायचा, टायरमधली हवा किती उतरवायची, पडलेली गाडी कशी उचलायची, हे मुलांनी तिथे शिकावे. दरीच्या काठावर नव्हे.

यंदा आम्ही पुन्हा जाणार आहोत. पाच गाड्या, गाड्यांना खुल्या असलेल्या रस्त्यानेच. घोटा मोडलेला तो मुलगाही येतो आहे. या वेळी तो सर्वांत पुढे असेल आणि आम्ही चौघे त्याच्या वेगाने त्याच्या मागे.

आपला,
एक वाचक
वडनेर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)