भाताचा आकडा आणि तांदळाचा आकडा



खेळाडूंची ‘अंदाजे संपत्ती’ सांगणारे व्हिडिओ आपली पोरं रोज बघतात. अमक्या फुटबॉलवाल्याकडे इतके कोटी, तमक्याकडे तितके. माझं म्हणणं एवढंच, की हा आकडा भाताचा असतो, तांदळाचा नसतो. एक क्विंटल भात भरडलं की हाती तांदूळ येतो साठ-पासष्ट किलो. बाकी तूस, कोंडा आणि कणी.

आपल्याच भागातला पोरगा घ्या. अनिकेत जाधव, कोल्हापूरचा, जन्म २००० सालचा. वडील रिक्षा चालवायचे. पोरगा पुण्यात क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला, त्यात तो भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला, पण पोराचं नाव झालं. पुढं जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे संघ केले. मार्च २०२२ मध्ये हैदराबादनं इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा हा त्या संघात होता. ही कमाई घामाची आहे, तिला सलाम.

पण अशा खेळाडूची संपत्ती बाहेरचा माणूस काढतो कशी? कराराची ऐकीव रक्कम धरायची आणि वर्षांनी गुणायची. त्यातून आयकर जातो, एजंटचं कमिशन जातं, घरच्यांचं देणं फिटतं, ते कुणी वजा करत नाही. कमावायची वर्षंही दहा-बाराच. पस्तिशीत बहुतेकांचा खेळ संपतो. आपण पन्नाशी ओलांडून अजून खाचरात उभे आहोत. गुडघ्याची शीर तुटली तर अख्खा हंगाम गेला, कापणीला आलेल्या भातावर परतीचा पाऊस पडावा तसा.

आणि बाजारच उघडला नाही तर? २०२५ च्या जुलैत फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचं घोंगडं भिजत पडलं आणि इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम थांबला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं तर खेळाडूंचे पगारच थांबवले. खेळाडूची चूक काय? काही नाही. माल तयार, पण काटाच बंद.

आता आपल्याकडं बघा. ‘एकरी इतके लाख’ हेही भाताचेच आकडे. लावणीची मजुरी, पॉवर टिलरचं भाडं, खत, औषध, घरच्या माणसांचे दिवस, कर्जाचं व्याज, काही धरत नाहीत. असल्या आकड्यावर भोर-वेल्ह्यातली तरणी पोरं कर्ज काढतात. कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या साहेबांना विनंती आहे, यशोगाथा जरूर सांगा, पण खर्च वजा करून सांगा. आणि एका वर्षाची नको, पाच वर्षांची सरासरी सांगा.

ज्याच्या पोराला फुटबॉल खेळायचाय, त्यानं त्याला अडवू नये. फक्त दहावी-बारावी सुटू देऊ नका. करार समोर आला की दोन गोष्टी विचारा : किती वर्षांचा आहे, आणि जखमी झाल्यावर पगार चालू राहतो का? कोटीचा आकडा नंतर बघू.

पोरगं असो की पीक, आधी भरडून बघा, मग मोजा.