फळ्याचा कोपरा



तुमच्या वर्गातील फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज काहीतरी लिहिलेले असते. वर तारीख, त्याखाली सुविचार, मग एखादा मराठी शब्द, कधी व्याकरणाचा नियम, तर कधी इतिहासातील एखादी घटना. तुम्ही ते वहीत उतरवता. दुसऱ्या दिवशी फळा पुसला जातो आणि पुष्कळदा तो शब्दही विसरला जातो.

काही जण म्हणतात, “अशा तुकड्यांनी का कुठे भाषा येते? त्यापेक्षा निबंध पाठ करा.” त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. नुसता उतरवलेला शब्द टिकत नाही. पण त्यात शब्दाचा काय दोष? आपण त्याला काही विचारतच नाही. माझे मत असे आहे की, रोज एकच शब्द घ्यावा. मात्र त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा शब्द माझ्या ओळखीचा दिसतो, पण त्याचा अर्थ तोच आहे का? अर्ज, वकील, बाजार, जमीन, तारीख हे शब्द उर्दूत आहेत, तसे मराठीतही आहेत. पण सगळेच असे सरळ नसतात. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. मराठीत खाली म्हणजे तळाच्या बाजूला.

या ‘खाली’ने मला लहानपणी चांगलेच फसवले. अब्बांना लिहिता येत नव्हते. ते यंत्रमागावर काम करत. एकदा एका कार्यालयात त्यांचा अर्ज मी भरला. कारकून म्हणाले, “खाली अंगठा घे.” अर्जाच्या वरच्या भागात एक चौकट रिकामी होती. मी अब्बांचा अंगठा तिथेच उमटवला. अर्ज बाद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली. अब्बा मला एका शब्दानेही रागावले नाहीत. म्हणूनच तो दिवस मी विसरलो नाही.

दुसरा प्रश्न : तो, ती की ते? उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. उर्दूत आपण ‘बडा शहर’ आणि ‘बडी दुकान’ म्हणतो. मराठीत मात्र ‘मोठे शहर’ आणि ‘मोठे दुकान’. दोन्ही नपुंसकलिंगी! प्रत्येक शब्दाला लागू पडेल असा एकच नियम इथे नाही. म्हणून वहीत नुसते ‘दुकान’ लिहू नका, ‘ते दुकान’ असे लिहा. शब्दाबरोबर त्याचे लिंगही लक्षात राहील.

तिसरा प्रश्न : या शब्दाबरोबर आणखी काय कळते? ‘जिल्हा’ हा शब्द घ्या. भूमितीत तुम्ही त्रिकोणाच्या बाजूला ‘जिला’ म्हणता ना? तोच हा अरबी शब्द. मूळ अर्थ बाजू किंवा बरगडी. मराठीत तो ‘जिल्हा’ झाला, प्रत्यय लागताच ‘जिल्ह्यात’, ‘जिल्ह्याला’ असा बदलला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे २६ होते. २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि ही संख्या ३६ झाली. पाहा, एका शब्दात भूमिती, व्याकरण, इतिहास आणि भूगोल!

इतिहासाचेच आणखी एक उदाहरण. राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत, म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून घेतला. तरीही अर्ज, वकील यांसारखे कितीतरी शब्द लोकांच्या तोंडी राहिले. दुसरीकडे, सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तेव्हा मराठी ही परक्यांची भाषा आहे आणि ती फक्त गुणांसाठी शिकायची, असे मानू नका.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण तुम्हाला माहीत आहे. उर्दूतही आपण थेंबाथेंबाने दर्या होतो असे म्हणतोच. मात्र तळ्याला भोक असेल, तर कितीही थेंब पडले तरी पाणी साचत नाही. न विचारता उतरवून घेणे हे ते भोक आहे. वर्षातून दोनशे शब्द जरी नीट ओळखीचे झाले, तरी आठवी ते दहावी या तीन वर्षांत सहाशे होतील. मग घरच्यांचा अर्ज भरताना अंगठा कुठे उमटवायचा, हे तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही.

उद्या फळ्यावर नवा शब्द दिसेल. तो वहीत उतरवण्याआधी हात वर करा आणि विचारा, “सर, तो, ती की ते?”