‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा पंचाहत्तरी-ऐंशीतले आईवडील असतील, तर एक विनंती आहे. परवापर्यंत नीट बोलणारं माणूस आज वेळकाळ विसरलं, मुलाला भावाच्या नावाने हाक मारायला लागलं, दिवसभर ग्लानीत पडून राहिलं, तर ‘आता वय झालं, चालायचंच’ असं म्हणून गप्प बसू नका. म्हातारपणाचा विसराळूपणा महिन्या-वर्षांनी, सावकाश वाढत जातो. दोन दिवसांत आलेला गोंधळ हा आजार असतो. त्यामागे लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग असेल, साखर उतरली असेल, मेंदूचा झटका असेल. पण आम्ही सिस्टर लोक वॉर्डात ज्या कारणाकडे आधी वळून बघतो ते म्हणजे अंगातलं पाणी आणि क्षार. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं, आणि वेळेवर कळलं तर बहुतेक माणसं पुन्हा पूर्वीसारखी बोलायला लागतात.

‘सोडियम कमी झालंय’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. रिपोर्टवर सोडियमचा आकडा 135 ते 145 च्या दरम्यान असायला हवा. तो हळूहळू उतरला तर सुरुवातीला फार काही दिसत नाही. जेवणावरची वासना जाते, मळमळतं, डोकं जड होतं, चालताना तोल जातो. आई बाथरूममध्ये पडते, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशनची धावपळ सुरू होते आणि ती पडली का हे कुणी विचारतच नाही. आकडा 125 च्या खाली गेला की बरळणं, गुंगी सुरू होऊ शकते. त्याहून खाली गेला किंवा एकदम घसरला तर फिट येते, शुद्ध हरपते.

सोडियम का उतरतं हे समजून घ्या, कारण इथेच घरच्यांची गफलत होते. ते कमी झालं म्हणजे मीठ कमी खाल्लं, असं दरवेळी नसतं. पुष्कळदा अंगात पाणी जास्त साठतं आणि मीठ त्यात पातळ होतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही नावं पाकिटावर शोधा. वयस्कर बायकांचं सोडियम या गोळ्यांनी उतरण्याचा धोका जास्त असतो. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ते उतरतं. म्हणून मनाने गोळी बंद करू नका आणि चमच्याने मीठही चारू नका. डॉक्टरांना विचारा: ‘ही गोळी सुरू केल्यापासून सोडियम तपासलंय का?’

दवाखान्यात दाखल केल्यावर आणखी एक धीर ठेवावा लागतो. फार खाली गेलेलं सोडियम चोवीस तासांत साधारण 8 ते 10 पेक्षा जास्त वर येऊ देत नाहीत. घाईने चढवलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. सलाईन हळू चाललंय म्हणून नळीवरचं चाक फिरवणारे नातेवाईक असतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्या चाकाला हात लावू नका.

आता पाणी कमी पडण्याबद्दल. वय वाढलं की तहान मंदावते. त्याहून मोठं कारण कुणी बोलून दाखवत नाही. गुडघे दुखतात, रात्री संडासापर्यंत जायचं तर सुनेला उठवावं लागतं, डायपर ओला झाला तर मावशी कुरकुरते. म्हणून म्हातारी माणसं दुपारपासूनच पाणी तोडतात. विचारलं तर ‘प्यायले गं’ म्हणतात. हे लाजेपोटी असतं, हट्टापोटी नव्हे. त्यावर उपाय म्हणून त्यांना रागावू नका. पलंगाजवळ भांडं ठेवा, रात्रीचा दिवा लावा, रात्री उठवल्याबद्दल त्रास होत नाही हे एकदा तोंडाने सांगा आणि बरंचसं पाणी सकाळी ते संध्याकाळच्या आत पोटात जाऊ द्या.

मनगटावरची कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत म्हाताऱ्या माणसात फसवी असते, कारण ती कातडी एरवीही सैल असते. त्यापेक्षा जीभ बघा, काख कोरडी आहे का बघा, बसवल्यावर चक्कर येते का बघा. लघवी गडद पिवळी, उग्र वासाची आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. कॅथेटर असेल तर हिशोब सोपा आहे: मोठ्या माणसाला तासाला निदान 30 मिलिलिटर लघवी व्हायला हवी. म्हणजे रात्रीच्या आठ तासांत पिशवीत पाव लिटरच्या आसपास तरी दिसली पाहिजे. कमी दिसली तर आधी नळी अंगाखाली दबलीय का ते बघा, आणि नसेल तर फोन करा.

जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएस द्या. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायची सलाईन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्याच हाताने रुग्णांना पाजायला लावलं आणि तिथला मृत्युदर झपाट्याने खाली आला. इतकं ते घरच्या माणसाच्या हातातलं औषध आहे. पण प्रमाण पाळावं लागतं. मोठं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. अर्धं आता, अर्धं संध्याकाळी असं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाटलीतली किंवा खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला एफएसएसएआयने 2025 मध्ये मनाई केली आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं वाचा आणि मगच घ्या. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी, ओआरएस, काहीच घालू नका. ते छातीत जातं.

हृदय किंवा किडनीचा रुग्ण असेल तर सगळं उलटं होतं. तिथे पाणी साठण्याची भीती. पायाला सूज येते, बोटाने दाबलं की खळगा राहतो, रात्री आडवं झालं की दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात. सूज दिसण्याआधी वजन बोलतं. अंगात एक लिटर पाणी साठलं की काटा एक किलोने पुढे जातो. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

याच रुग्णांसाठी शहाळ्याबद्दल सांगायलाच हवं. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत आहे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. थकलेली किडनी टाकू शकत नाही. रिपोर्टवर साधारण 3.5 ते 5 असायचा हा आकडा फार वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात, आणि आधी फारसा इशारा मिळत नाही. स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या सुरू असतील तर धोका वाढतो. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही पोटॅशियमच घातलेलं असतं, म्हणून किडनीच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय वापरू नये. डायलिसिसचा एक दिवस चुकवणंही याचसाठी जिवावर बेतू शकतं. उलट जुलाबांनी किंवा लघवीच्या जोरदार गोळ्यांनी पोटॅशियम घटतं: पोटऱ्यांत गोळे येतात, हातपाय लुळे वाटतात, पोट फुगतं, छातीत धडधडतं.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आत वळायला लागली तर ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शंभर पानी वही घ्या आणि पलंगाला दोरीने बांधून ठेवा. किती प्यायलं, किती लघवी झाली किंवा किती डायपर बदलले, जुलाब-उलट्या किती, सकाळचं वजन, आणि बोलणं कसं होतं: इतकंच लिहा. दिवसाची मावशी जाते, रात्रीची येते, मुलगा कामावरून उशिरा येतो. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत असतं आणि पूर्ण चित्र कुणाकडेच नसतं. बोलण्यातला फरक तर डॉक्टरांना कळणारच नाही, कारण ते तुमच्या वडिलांना आज पहिल्यांदा बघतात. तो तुम्हालाच सांगावा लागतो, आणि ठामपणे सांगावा लागतो: ‘हे परवापर्यंत असे नव्हते.’

फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. निघताना वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि अशक्तपणा आहे म्हणून जवळच्या दवाखान्यात ‘दोन सलाईन लावून द्या’ असं स्वतःहून मागू नका. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळपास दिवसभराचं. सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना सांगा की यांना हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे आणि विचारा की क्षार तपासायला रक्त आधी घेणार का.