माजी सैनिकाला गेटवरची नोकरी मिळते, पण मनाच्या आजाराचं काय?

उल्हासनगर : इथला पत्ता आजही कॅम्प नंबरशिवाय पूर्ण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. शेजारच्या अंबरनाथमध्ये आयुध कारखाना आहे. फौजेशी एवढं जुनं नातं असलेल्या या भागात निवृत्त जवान अनेकदा दिसतो तो एमआयडीसीच्या नाहीतर बदलापूरच्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर, सिक्युरिटीच्या गणवेशात.

जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. पेन्शन पुरत नाही, काम करावंच लागतं. कामामुळे दिवसाला शिस्त राहते, घरात मान राहतो. काम सुटलं की तेच मनाला लागतं.

अडचण पुढे आहे. झोप न लागणं, छोट्या आवाजाने दचकणं, एकदम राग येणं, दारू वाढणं, याला घरात 'फौजी स्वभाव' म्हणून सोडून दिलं जातं. प्रत्यक्षात तो आजार असू शकतो. त्यात सिक्युरिटीची बारा तासांची रात्रपाळी आली की झोपेचं गणित आणखी बिघडतं आणि आजार बळावतो. डॉक्टरकडे गेलं तर मालकाला कळेल, नोकरी जाईल, ही भीती. म्हणून आजार लपवला जातो आणि शेवटी नोकरीही टिकत नाही.

आजारामुळे फौजेतून मुदतीआधी घरी पाठवलेल्यांचा प्रश्न वेगळा. आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला असं ठरलं आणि अपंगत्व किमान २० टक्के निघालं, तर अपंगत्व पेन्शन मिळते. मेडिकल बोर्डाने 'सेवेशी संबंध नाही' लिहिलं की तो रस्ता बंद होतो. पण बोर्डाचा शब्द शेवटचा नाही. स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवलेल्या एका जवानाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये फेरतपासणीचा आदेश दिला होता. दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे.

आता अग्निवीरांची भर पडणार. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतील. बाकीच्यांना सेवा निधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतील, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजनाही नाही. पंचविशीच्या आत-बाहेर असलेल्या या पोरांना काम आणि उपचार दोन्ही स्वतःच शोधावे लागतील.

म्हणून नुसती नोकरी लावून देणं पुरेसं नाही. आजारी माणसाला दिवसपाळी आणि दवाखान्यासाठी महिन्यातून एखादी सुट्टी दिली, तर तो काम टिकवू शकतो. मालकाला हे फार महाग पडत नाही.

घरच्यांनी काय करावं? टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. उपचारासाठी ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय लोकलच्या अंतरावर आहे. पेन्शनधारकांना ईसीएचएसमध्ये मानसोपचारही मिळतात. कागदपत्रं आणि नोकरीसाठी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचे कागद मात्र जपून ठेवा, पुढची सगळी लढाई त्यावरच असते.