निरोप पाठवला, पण पोचला का?

नातेवाइकांना माझं काम समजावून सांगणं हा एक कठीण प्रकार आहे. "कॉम्प्युटरवर असतो" एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. खरं म्हणजे माझं काम निरोप्याचं. एक प्रोग्राम काहीतरी जाहीर करतो आणि ज्यांनी त्या विषयाची नोंदणी केली आहे असे बाकीचे प्रोग्राम ते ऐकतात. याला 'पब्लिश-सबस्क्राइब' म्हणतात. जाहीर करणाऱ्याला ऐकणारे कोण, किती, हे ठाऊक नसतं. मधला एक मध्यस्थ निरोप वाटतो.

जाहीर करणं सोपं असतं हो. खरी डोकेदुखी असते घेणाऱ्याच्या बाजूला. एमक्यूटीटी नावाची एक पद्धत १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी निघाली. तिच्यात निरोपाचे तीन दर्जे आहेत. शून्य म्हणजे चक्क दवंडी: दिली आणि पुढच्या गल्लीत गेला, तुम्ही घरात असाल तर ऐकाल. एक म्हणजे पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवायचं. यात निरोप सहसा हरवत नाही, पण दोनदा येऊ शकतो. दोन म्हणजे नक्की आणि एकदाच, पण त्यासाठी दोघांमध्ये चार चिठ्ठ्या फिरतात.

हे पुराण लावायचं कारण आपली तापी. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे. चांगदेवला तापीला मिळणारी पूर्णा विदर्भातलं पाणी घेऊन येते, त्यामुळे भुसावळात कडक ऊन असतानाही दरवाजे उघडावे लागतात. ते पाणी जळगाव जिल्हा ओलांडून काही तासांनी धुळे जिल्ह्यात शिरपूर-शिंदखेड्याकडे पोचतं. काठावर लोकांच्या मोटारी असतात, गुरं असतात. आभाळ कोरडं असताना पुराची शंका तरी कुणाला येणार? तिथे निरोप हाच पाऊस.

आणि पूर ओसरला की कुठल्याही नदीच्या काठी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "मेसेज पाठवला होता." दुसरं, "माले कोणी सांगंच नही." गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात!

माझं म्हणणं एवढंच, की आपण पाठवलेलं मोजतो, पोचलेलं मोजत नाही. २०१३ मध्ये एमकिसान सुरू झालं. शेतकऱ्याने पीक आणि भाषा नोंदवायची, त्याप्रमाणे मेसेज येणार. कल्पना उत्तम, अगदी आमच्या धंद्यातली. पण सिमकार्ड बदललं की जुनी नोंद कागदावर जिवंत आणि शेतकरी बाहेर. २०२३ मध्ये महाराष्ट्रात सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, आठवतं? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी. नोंदणी नको, नंबर नको, टॉवरखालचा प्रत्येक चालू फोन वाजतो. झकास. पण तीही शेवटी दवंडीच, पोच नाही.

आमच्या धंद्यातल्या तीन सवयी इथे उचलायला हरकत नाही.

पहिली, निरोपात बदल सांगू नये, स्थिती सांगावी. "आणखी चार दरवाजे उघडले" हा निरोप एकदा चुकला किंवा दोनदा आला, की हिशेब बिघडला. "दुपारी ३ वाजता एकूण १८ दरवाजे उघडे" हा दहादा आला तरी अर्थ तोच. मग पुन्हा पुन्हा पाठवायला भीती नाही.

दुसरी, शेवटचा निरोप टिकला पाहिजे. एमक्यूटीटीत उशिरा आलेल्यालाही विषयातला ठेवलेला ताजा निरोप लगेच मिळतो. गावात हे काम ग्रामपंचायतीबाहेरचा फळा करू शकतो, खाली वेळ लिहिलेली हवी फक्त.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. जे निरोप पोचत नाहीत ते आमच्याकडे टाकून देत नाहीत, वेगळ्या रांगेत ठेवतात आणि कुणीतरी माणूस ती रांग बघतो. काठावरच्या न पोचलेल्या नंबरांची यादी कोतवालाच्या हातात पडली, तर तो त्या वीस-पंचवीस घरी जाऊन येईल.

कुणी म्हणेल, पुरात पोच घेत बसायला वेळ कुठे? बरोबर आहे, आधी दवंडीच द्यावी. पण धरणापासून शिरपूरपर्यंत पाण्याला वेळ लागतो, तोवर यादी हाती येऊ शकते. आणि फोन घरी ठेवून शेतात गेलेल्या आजोबांना कुठलंही यंत्र हाक मारत नाही, तिथे माणूसच लागतो.

असो. तुमच्या गावात पुराचा निरोप कसा येतो? भोंगा, फोन, की शेजारचा पोरगा धावत? आणि तो आला नाही तर कुणाच्या लक्षात येतं? जरूर लिहा.