मागे बसलेल्याचा वाली कोण?

परभणी जिल्ह्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या खेड्यापाड्यांतून मजुरीला, बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्या कष्टकऱ्यांचे ते साधन आहे. आणि त्या गाडीवर माणूस क्वचितच एकटा असतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे. वाटसरूला भरपाई मिळावी, हा त्यामागील हेतू न्याय्यच आहे. परंतु १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा हा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी त्याचा हप्ता ३,८५१ रुपये होता. त्यावर १८ टक्के कर वेगळा. विमा नसल्यास पहिल्याच गुन्ह्याला दोन हजारांचा दंड.

एवढे भरूनही मागे बसलेली पत्नी वा सोबतचा मजूर या सक्तीच्या विम्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच स्पष्ट केले. त्याला संरक्षण हवे, तर अधिक पैसे मोजून सर्वंकष विमा घ्यावा. म्हणजे सक्ती सर्वांना, संरक्षण मात्र ऐपतीप्रमाणे!

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरील कर सरकारने माफ केला. ज्या विम्याची सक्ती आहे, त्यावरील कर मात्र तसाच ठेवला. हा कर रद्द व्हावा, पाच वर्षांची रक्कम हप्त्याने घ्यावी आणि मागे बसणाऱ्याची जोखीम सक्तीच्या विम्यातच धरावी, या मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगाव मांडल्या पाहिजेत. सक्ती करणाऱ्या शासनाला संरक्षणाची जबाबदारी टाळता येणार नाही.